जावई विमानातून फिरवून आणतो म्हणतोय, जावं का?

कोल्हापूरच्या एका काकांचा प्रश्न आहे. जुलैत ते आणि काकू मुलीकडे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला जाणार आहेत. जावयाला गेल्या वर्षी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळालं. चौघांनी भाड्याच्या सेस्ना १७२ या लहान विमानातून डोंगरातल्या लेक टाहो या तळ्याकाठी जायचं, दोन रात्री राहायचं आणि तसंच परत यायचं, असा त्याचा बेत आहे. काकू घाबरल्यात, काकांना मात्र जायचंय. लहान विमान कितपत सुरक्षित असतं, आपल्याला त्यातलं काही कळत नसताना बघायचं काय, आणि वर गेल्यावर पायलटलाच काही झालं तर, असं त्यांनी विचारलंय. शेवटी हळूच लिहिलंय, ‘जावयाला असलं काही विचारलं तर त्याला वाईट वाटेल.’

काका, मी कॅलिफोर्नियात लहान विमानं उडवायला शिकवते. माझ्या मते तुमची खरी अडचण त्या शेवटच्या वाक्यात आहे. विमानाचं तुम्हाला कळत नाही, पण जावयाला कळतं. त्याला जे कळतं ते त्याने तुमच्या भिडेखातर बाजूला ठेवू नये, एवढं बघणं तुमच्या हातात आहे.

आधी धोक्याचं सांगते. अमेरिकेत खासगी आणि लहान विमानांच्या उड्डाणात दर एक लाख तासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो. एअरलाइनच्या विमानाशी याची तुलना होत नाही. मोटारीपेक्षाही धोका जास्तच, मोटरसायकलच्या आसपास समजा. पण हा धोका सगळ्यांमध्ये सारखा विभागलेला नसतो. लोकांना भीती असते ती इंजिन बंद पडण्याची. प्रत्यक्षात बहुतेक अपघातांच्या मुळाशी पायलटचा एखादा निर्णय असतो: ढग दिसत असताना पुढे गेला, वजन जास्त घेतलं, इंधन काठावर ठेवलं, अंधार पडत असताना निघाला. यातले बरेचसे निर्णय जमिनीवर होतात, आणि तेव्हा पाहुणे शेजारीच उभे असतात.

तुमचा जावई कसा उडवतो हे मला माहीत नाही. त्याचे एकूण तास किती, डोंगरात उडायचं शिक्षण घेतलंय का, ढगात उडण्याचं वेगळं इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे का, तुमच्या दोघांच्या तब्येती कशा आहेत, यावर उत्तर बदलेल. त्यामुळे ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असं सरसकट सांगत नाही. टाहोच्या या बेताबद्दल मात्र मला बोलायचंय.

सेस्ना १७२ ला चार सीट असतात. याचा अर्थ चार माणसं, त्यांच्या बॅगा आणि भरलेल्या टाक्या एकदम चालतात असा नाही. हल्ली भाड्याने मिळणाऱ्या १७२-एस मॉडेलचं टेकऑफचं कमाल वजन ११५७ किलो. रिकामं विमान वजा केलं तर माणसं, सामान आणि इंधन मिळून साधारण ३९० ते ४०० किलो उरतात. नेमका आकडा प्रत्येक विमानाच्या कागदात असतो. दोन्ही टाक्या भरल्या तर इंधनच १४४ किलोचं. म्हणजे माणसं आणि सामानाला राहिले जेमतेम अडीचशे. आता तुमच्या घरचा हिशोब करा. चौघं मिळून २८५ किलो धरले आणि दोन रात्रींच्या बॅगा १५ किलो, तर झाले ३००. पन्नास किलो जास्त! मग इंधन कमी भरायचं. अंतर बघता ते कागदावर बसतंही, कारण सॅन होजेहून टाहोजवळच्या ट्रकी विमानतळापर्यंत दीड-दोन तासांत पोचता येतं. पण जो राखीव साठा पायलटला ‘वारा वाढलाय, दुसरीकडे उतरू’ असं म्हणायची मोकळीक देतो, तोच यात कमी होतो. काकूंनी आयत्या वेळी लाडवांचा डबा आणि चिवड्याची पिशवी काढली की उरलेली मोकळीकही गेली.

दुसरी गोष्ट उंचीची. ट्रकीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५९०० फुटांवर आहे. जुलैच्या दुपारी तिथे तीस अंश तापमान असलं, तर हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ते नऊ हजार फुटांवरून टेकऑफ केल्यासारखं होतं. पंख, पुढचा पंखा आणि इंजिन या तिघांनाही विरळ हवा बाधते आणि तिघांचीही ताकद घटते. सॅन होजेला भरलेलं १७२ मिनिटाला सातशे फूट चढत असेल, तर तिथे ते निम्म्याहून कमी चढतं, आणि समोर डोंगर असतो. दुपारी डोंगरावरून वाहणारा वारा खाली दाबतो तो वेगळाच. आमच्याकडचे जाणते लोक टाहोहून सकाळी लवकर निघतात, तेही हलक्या विमानाने.

म्हणून माझं मत सरळ आहे. नव्या लायसन्सवर चार मोठी माणसं घेऊन जुलैत टाहो, हे पहिलं उड्डाण नको. पहिल्यांदा एका शांत सकाळी तासाभराची फेरी मारा. जावई, तुम्ही, आणि हवं तर मुलगी. गोल्डन गेट पुलावरून वळसा घालून परत येणारी ‘बे टूर’ इथले सगळे पायलट पाहुण्यांना घडवतात. उन्हाळ्यात किनाऱ्यावर धुकं असतं, ते आत सरकलं असेल तर पूर्वेकडच्या लिव्हरमोर गावाकडे जा. तेवढ्या एका तासात पोट, कान आणि जावयाची शिस्त या तिन्हींचा अंदाज येईल. टाहोला जायचंच असेल तर इन्स्ट्रक्टर सोबत घेऊन जावयाने आधी एकदा जाऊन यावं.

आता विचारायचं कसं? तपासणी केल्यासारखं विचारू नका, शिकवा म्हणा. ‘जावईबापू, वजनाचा हिशोब कसा मांडता हो तुम्ही? आमची वजनं घालून दाखवा की.’ चांगला पायलट या प्रश्नाने खूश होतो, टॅबलेट काढून अर्धा तास बोलतो. ‘अहो, बसतं सगळं, काळजी करू नका’ एवढंच उत्तर आलं तर मला ते आवडणार नाही. तसंच विचारा, ‘हवामान कुठल्या आकड्याच्या खाली गेलं तर आपण जायचं नाही?’ त्याच्याकडे आकडा तयार असला पाहिजे. एक नियमही सहज विचारून घ्या. प्रवासी बसवायचे असतील तर गेल्या ९० दिवसांत त्याच प्रकारच्या विमानाने किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केलेली असावी लागतात. रात्रीसाठी ती रात्रीच केलेली लागतात.

पण नुसत्या प्रश्नांनी भागत नाही, कारण पायलटवर सगळ्यात जास्त ओझं असतं ते पाहुण्यांच्या हौसेचं. १९९६ च्या एप्रिलमध्ये जेसिका डुब्रॉफ ही सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि एक इन्स्ट्रक्टर इथल्याच हाफ मून बेहून देशभर उड्डाण करायला निघाले. सगळ्यात लहान वयात अमेरिका पार करायची म्हणून टीव्हीवाले मागे होते, ठिकठिकाणी मुलाखती ठरलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वायोमिंगमधल्या शायेनला पाऊस आणि गडगडाट सुरू असताना ते निघाले. गाव सहा हजार फुटांवर, विमानाचं वजन मर्यादेपेक्षा जास्त. टेकऑफनंतर थोड्याच वेळात विमान कोसळलं आणि तिघंही गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, कारण दिलं ते इन्स्ट्रक्टरच्या निघण्याच्या निर्णयाचं. सोबत हेही नोंदवलं की अति महत्त्वाकांक्षी वेळापत्रक, आणि त्यातही माध्यमांना दिलेले शब्द, याचा त्या निर्णयात हात होता. विमान उडवायची जबाबदारी ज्याच्यावर होती तो अनुभवी होता. वेळापत्रक पाहुण्यांचं होतं.

राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन एफ. केनेडी ज्युनिअर याचं १९९९ मधलं उड्डाण तर घरगुतीच म्हणायचं. चुलतबहिणीच्या लग्नाला जायचं, वाटेत मेहुणीला मार्थाज विन्यर्ड बेटावर सोडायचं, बायको सोबत. निघायला ठरल्यापेक्षा उशीर झाला आणि विमान उडालं ते साडेआठ वाजून गेल्यावर, सूर्य मावळल्यानंतर. समुद्रावर धुरकट हवा, क्षितिज दिसेना. इन्स्ट्रुमेंट रेटिंग त्याच्याकडे नव्हतं. विमान समुद्रात कोसळलं आणि तिघंही गेले. अशा वेळी आतला कान खोटं सांगतो: विमान वळत असतं आणि माणसाला वाटतं आपण सरळ चाललोय. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात या विषयावर एक प्रयोग झाला. इन्स्ट्रुमेंटवर उडण्याचा सराव नसलेल्या वीस जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत ठेवलं. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

म्हणून निघायच्या दिवशी नव्हे, तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जावयाला सांगून ठेवा, ‘नाही जमलं तर आम्ही गाडीने जाऊ, आम्हाला काही वाटणार नाही.’ आणि ते खरं वाटेल अशी सोय करा. परत न मिळणारं हॉटेल बुक करू नका. टाहोहून परतायच्या दुसऱ्याच दिवशी तुमचं मुंबईचं विमान असेल तर हा बेतच नको, कारण मग ठरल्या दिवशी काहीही करून परतायचं दडपण पोराच्या डोक्यावर बसतं. ट्रकीहून इंटरस्टेट ८० ने भाड्याची गाडी घेऊन चार-पाच तासांत घरी येता येतं. विमान तिथेच राहिलं तर त्याचे काही डॉलर लागतील, ते जावयाचं तो बघेल. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, विमानातल्या कुणालाही कारण न देता ‘आज नको’ म्हणायचा हक्क आहे, मागच्या सीटवरच्या सासूबाईंनासुद्धा. काकू, हे तुमच्यासाठी लिहिलंय.

पैशाचं आत्ताच सांगते, कारण तुम्ही पाकीट काढणार हे मला दिसतंय. प्रायव्हेट लायसन्सवर पायलटला प्रवाशांकडून भाडं घेता येत नाही. इंधन, तेल, विमानतळाचा खर्च आणि विमानाचं भाडं एवढंच वाटून घेता येतं, आणि त्यात स्वतःचा हिस्सा त्याने भरलाच पाहिजे. चौघं असाल तर किमान चौथा भाग त्याचा. सगळं बिल तुम्ही भरलंत तर तो कायद्याच्या अडचणीत येईल. जेवण खुशाल घाला.

हा नियम उगीच नाही. २०१९ च्या जानेवारीत एमिलियानो साला हा फुटबॉलपटू फ्रान्समधल्या नांत गावाहून कार्डिफला एका लहान पायपर विमानातून रात्री निघाला आणि विमान इंग्लिश खाडीत पडलं. पायलटकडे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचं लायसन्स नव्हतं, रात्री उडण्याची परवानगीही नव्हती. शिवाय सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड घातक प्रमाणात सापडला. त्या उड्डाणाची व्यवस्था करणाऱ्याला पुढे तुरुंगवास झाला. कार्बन मोनॉक्साइडचा मुद्दा तुम्हालाही लागू आहे. या विमानांचा हीटर एक्झॉस्टच्या नळीभोवती तापलेली हवा आत सोडतो आणि नळीला चीर गेली तर धूरही त्यासोबत येतो. या वायूला वास नाही. हीटर चालू असताना डोकं दुखायला लागलं किंवा गुंगी आली तर ‘विमान लागलं असेल’ म्हणून गप्प बसू नका, लगेच बोला. विमानात डिटेक्टर आहे का, हेही विचारा.

प्रत्यक्ष दिवशी काय बघाल? जावई विमानाभोवती कागदावरची यादी हातात घेऊन फिरेल, टाक्यांत काठी बुडवून इंधन मोजेल, खालच्या नळीतून थोडं इंधन एका पारदर्शक भांड्यात काढून त्यात पाणी आहे का ते उजेडात धरून बघेल. या वेळात त्याच्याशी गप्पा मारू नका, फोटोही नंतर काढा. मध्येच टोकलं की एखादी पायरी सुटते.

पुढच्या पंख्याजवळ जायचं नाही, इंजिन बंद असलं तरी नाही. किल्ली काढलेली असूनही मॅग्नेटोमध्ये, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या भागात, दोष असेल तर पंखा हाताने हलला तरी इंजिन एक ठिणगी टाकू शकतं. फिरणारा पंखा तर दिसतच नाही. विमानाकडे नेहमी पंखाच्या, म्हणजे विंगच्या, मागून या. इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नका. काकूंनी त्या दिवशी साडी नेसू नये. पदर, ओढणी, लोंबता स्कार्फ सगळं घरी. सुती पंजाबी ड्रेस आणि पायात बूट घाला, कारण चढायला एक इवलीशी पायरी असते आणि मागच्या सीटवर जायला गुडघे दुमडावे लागतात.

पुढच्या सीटवर तुम्ही बसलात तर एक काम न चुकता करा. सीट पुढेमागे सरकते आणि खालच्या रुळातल्या भोकात खिट्टी बसून ती पक्की होते. बसल्यावर सीट जोरात हलवून बघा. टेकऑफच्या वेळी सीट घसरून मागे गेली तर माणूस आधारासाठी समोरचं स्टिअरिंग पकडतो आणि नाक वर जातं. सेस्नात हे पूर्वी घडलेलं आहे. तुमच्यासमोरही तसंच स्टिअरिंग आणि पायाशी पेडल असतात, जावयाच्या बरोबरीने हलणारी. त्यांना हात-पाय लावायचे नाहीत. पट्टा लावायचा-काढायचा कसा हे सांगणं पायलटला बंधनकारक आहे. दार आतून उघडायचं कसं हेही विचारा आणि स्वतः एकदा उघडून बघा. पायपर कंपनीच्या बऱ्याच लहान विमानांना दार एकच, तेही उजवीकडे, म्हणजे सगळ्यांची सुटका पुढच्या उजव्या सीटवरच्या माणसावर अवलंबून. उडताना दार किंचित उघडलं तर प्रचंड आवाज होतो, पण विमान उडत राहतं. ते ओढून धरायला जाऊ नका, पायलट काय सांगतो तेवढं करा.

वर गेल्यावर काही गोष्टींनी दचकायला होतं, त्या आधी माहीत असू द्या. उतरताना चाकं टेकायच्या ऐन क्षणी पिपाणीसारखा आवाज येतो. ती स्टॉलची, म्हणजे वेग कमी होऊन पंख विमानाला पेलेनासे होत आल्याची, सूचना, आणि धावपट्टीच्या अगदी वर ती यायलाच हवी असते. कधी कधी जावई उतरता उतरता पुन्हा इंजिन पूर्ण ताकदीने चालवून वर जाईल. याला गो-अराउंड म्हणतात. ‘अरे, काय झालं?’ म्हणून ओरडू नका. मनासारखं जमलं नाही तर परत फेरी मारणारा पायलट मला आवडतो. टेकऑफ, लँडिंग आणि रेडिओ चालू असताना शांतता ठेवा. एक अपवाद आहे: दुसरं विमान दिसलं तर लगेच सांगायचं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, ‘दोन वाजता, आपल्याच उंचीवर.’ जावयाला ते आधीच दिसलं असलं तरी चालेल.

तब्येतीचं थोडक्यात. विमानात बाथरूम नसतं, आणि ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, तेव्हा त्या दिवशीच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून घ्या. सिएरा डोंगर ओलांडताना दहा-अकरा हजार फुटांवर जावं लागतं आणि केबिनमध्ये एअरलाइनसारखा हवेचा दाब राखलेला नसतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको. सर्दी असेल तर उतरताना कान ठणकतील. घाटात गाडी लागत असेल तर विमानही लागेल. निघायच्या आधी अ‍ॅव्होमिन, नजर लांब क्षितिजावर, आणि हाताशी पिशवी. निघण्यापूर्वी तुमचा प्रवास विमा आणि आयुर्विम्याची कागदपत्रंही वाचा. बऱ्याच पॉलिसींत एअरलाइनचं तिकीट काढून केलेला प्रवास तेवढा धरलेला असतो आणि खासगी विमान वगळलेलं असतं.

राहिला शेवटचा प्रश्न, वर असताना जावयालाच काही झालं तर. तरुण, निरोगी पायलटच्या बाबतीत ही शक्यता फार कमी आहे, वर सांगितलेल्या सगळ्यापेक्षा कमी. तरी उत्तर आहे. २०२२ च्या मे महिन्यात फ्लोरिडात एका सेस्ना कॅराव्हॅनचा पायलट हवेत बेशुद्ध झाला. उडवायचं शिक्षण नसलेल्या प्रवाशाने रेडिओवरून कंट्रोलरच्या सांगण्याप्रमाणे विमान पाम बीचला उतरवलं. त्यासाठी एवढं माहीत हवं: बोलायचं बटण कुठलं, पंख सरळ कसे ठेवायचे, ऑटोपायलट असेल तर तो कसा लावायचा. बटण दाबून, ज्या फ्रिक्वेन्सीवर जावई बोलत होता तिच्यावरच मदत मागायची. कुणीच उत्तर दिलं नाही तर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर. भाड्याचं विमान सिरस कंपनीचं निघालं तर त्याच्या छताला लाल हँडल असतं. ते दोन्ही हातांनी ओढलं की अख्ख्या विमानाचं पॅराशूट उघडतं. उड्डाणापूर्वी त्याची पिन काढलीय का आणि ते कधी ओढायचं, हे विचारून घ्या.

हे सगळं मात्र तुमच्यापेक्षा तुमच्या मुलीला जास्त लागू आहे. तुम्ही एकदा बसाल आणि परत कोल्हापूरला याल. ती त्याच्याबरोबर वर्षभर उडणार. पायलट नसलेल्या जोडीदारांसाठी इथे ‘पिंच हिटर’ नावाचे छोटे कोर्स असतात. इन्स्ट्रक्टरसोबत बसून विमान सरळ कसं धरायचं, रेडिओवर काय बोलायचं आणि धावपट्टीपर्यंत कसं यायचं, एवढं त्यात शिकवतात. जावयाला लायसन्स मिळाल्याचं काही द्यायचं राहिलं असेल, तर मुलीच्या त्या कोर्सची फी भरा. त्यावर कायद्याची कसलीही अडचण नाही.